मोठ्या भोकांसाठी बिटांची निवड

भाताची मळणी आटोपून वालाचा पेरा झाला, म्हणजे कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यास घरच्या डागडुजीकडे लक्ष देण्यास थोडी सवड मिळते. चौथऱ्यावर पाण्याची टाकी बसवावयाची असते, तिच्यातून परसातील भाजीपाल्यास नळी न्यावयाची असते, गोठ्याच्या भिंतीतून सांडपाण्याचा पाइप बाहेर काढावयाचा असतो, कारल्या-तोंडलीच्या मांडवाचे खांब जोडावयाचे असतात. ज्याच्याकडे बैलजोडी शिल्लक आहे त्यास जुवाला शिवळांची भोके नव्याने पाडावयाची असतात. ही कामे वरवर पाहता निरनिराळी दिसली तरी त्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात एक मोठे भोक पाडावे लागते, आणि ते ज्या वस्तूत पाडावयाचे ती वस्तू प्रत्येक वेळी वेगळी असते.

विजेवर चालणारे ड्रिल यंत्र आता पुष्कळ वाड्यापाड्यांत पोहोचले आहे. यंत्र हाती आले की कोणतेही भोक पाडता येईल असा समज होतो, व तेथेच चुकीस प्रारंभ होतो. यंत्र केवळ फिरविण्याचे काम करते. कापण्याचे काम त्याच्या तोंडी बसविलेला बिट करतो. बैल तेच असले म्हणून चिखलणीसाठी कुळव जुंपून भागत नाही, तसेच हे आहे. साध्या यंत्राच्या चकात १० किंवा १३ मिलिमीटर जाडीपर्यंतचा दांडा मावतो. त्याहून मोठे भोक पाडणाऱ्या बिटांचा दांडा बारीक व तोंड रुंद असते. बारीक दांड्यावर रुंद तोंड फिरू लागले की त्याचा ताण यंत्रावर आणि यंत्र धरणाऱ्या मनगटावर येतो. यास्तव मोठे भोक हे लहान भोकाचे केवळ थोरले भावंड नव्हे. त्याचे अवजार वेगळे, गती वेगळी आणि धोकाही वेगळा.

माप प्रथम

बिट निवडण्यापूर्वी भोकाचे माप निश्चित केले पाहिजे. येथे नावाने फसगत होते. "एक इंची" नळजोड आणला, एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर असा हिशेब केला आणि टाकीस २५ मिलिमीटरचे भोक पाडले, तर तो जोड भोकात शिरणार नाही. पाण्याच्या जोडणीचे एक इंच हे माप पाइपाच्या आतील पोकळीवरून पडलेले जुने नाव आहे. भोकातून जावयाचे असतात ते बाहेरचे आटे, आणि एक इंची जोडाच्या आट्यांचा बाहेरील व्यास ३३.२५ मिलिमीटर असतो. अर्ध्या इंचास तो सुमारे २१, पाऊण इंचास २६.५, सव्वा इंचास ४२, दीड इंचास ४८ आणि दोन इंचांस जवळजवळ ६० मिलिमीटर भरतो. म्हणून अर्ध्या इंची जोडास २२, पाऊण इंचीस २७ किंवा २९, एक इंचीस ३५, सव्वा इंचीस ४४ आणि दीड इंचीस ५१ मिलिमीटरचा बिट घ्यावा. दुकानदारास "एक इंची बिट द्या" असे न सांगता जोड बरोबर नेऊन त्याच्या आट्यांवरून माप काढून घ्यावे.

उलट, शेतीचे पीव्हीसी पाइप बाहेरील व्यासावरून ओळखले जातात. ६३ मिलिमीटरचा पाइप बाहेरून ६३ मिलिमीटरच असतो. लोखंडी जी.आय. पाइपाचे नाव मात्र पोकळीवरून पडलेले. एक इंची जी.आय. पाइप बाहेरून सुमारे ३३.७ मिलिमीटर भरतो. दोन्ही प्रकारचे पाइप एकाच शेतात वापरले जात असल्याने हा भेद गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अगोदर समजून घेऊन इतरांस समजावून द्यावा.

व्हर्नियर हाताशी नसेल तर अडत नाही. आट्यांभोवती सुतळीचा एक वेढा घट्ट द्यावा, सुतळी उलगडून तिची लांबी मोजावी आणि तीस ३.१४ ने भागावे. एक इंची जोडास वेढा सुमारे १०४ मिलिमीटर येतो, म्हणजे व्यास ३३ मिलिमीटर व थोडे अधिक. प्लॅस्टिकचे जोड निरनिराळ्या बनावटींत किंचित कमीजास्त असतात, म्हणून शेवटची खात्री टाकाऊ फळीवर करावी. फळीत भोक पाडून जोड त्यात घालून पाहावा. हाताने सहज जाईल, पण डगडगणार नाही, इतकी सैल बसणी योग्य होय. फळीतील चूक भरून निघते; हजार लिटरच्या टाकीतील निघत नाही.

प्लॅस्टिकची टाकी व पाइप

टाकीस भोक पाडण्याचे योग्य अवजार म्हणजे होल सॉ. कडेस करवतीचे दाते असलेली ही पोलादी वाटी असते. तिच्या मध्यभागी एक साधा बारीक बिट असतो. तो प्रथम शिरून वाटीस जागेवर धरतो, आणि मग वाटीचे दाते गोल चकती कापून काढतात. सर्व भोक कुरतडण्याऐवजी केवळ कड कापली जात असल्याने मोठ्या व्यासासाठी कमी शक्ती पुरते, हा या अवजाराचा मुख्य लाभ.

कित्येक ठिकाणी लोखंडी पाइपाचा तुकडा चुलीत लाल करून टाकीस टेकविण्याची रीत आहे. भोक पडते खरे, परंतु त्याची कड वितळून उंचसखल होते आणि भोवतालचे प्लॅस्टिक मुरगळते. वॉशरला सपाट बैठक मिळत नाही आणि जोड पाझरू लागतो. मग आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून गळती थांबविण्याचा खटाटोप सुरू होतो. तो व्यर्थ जातो, कारण पाणी आट्यांतून येत नसून वॉशरखालून येत असते. सेकंदास एक थेंब एवढी गळती असली तरी दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी जाते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात हे क्षुल्लक वाटेल. परंतु डोंगरउतारावरील ज्या वाड्यांना चैत्र-वैशाखात हंड्यांनी पाणी वाहावे लागते, तेथे ते क्षुल्लक नाही.

टाकीच्या बुडाजवळ जोडणीसाठी सपाट केलेली जागा असते. भोक तेथेच घ्यावे. गोलाईवर घेऊ नये. जागेवर खूण करून यंत्र सावकाश फिरवावे व ठोक्याची कळ बंद असल्याची खात्री करावी. दाते प्लॅस्टिकमध्ये एकदम रुतून टाकी फाटू नये म्हणून काही नळकारागीर आरंभी यंत्र उलट दिशेने फिरवून गोल चरी पाडून घेतात व मग सुलट फिरवितात. ही युक्ती चांगली आहे. भोक पडल्यावर कडेची कुसे चाकूने काढावी, चकती व कीस टाकीतून वेचून घ्यावा, जोडाची कॉलर व तिचा रबरी वॉशर आतून, पाण्याच्या अंगास बसवावा आणि चाकी बाहेरून आवळावी. एकाने झाकणातून हात घालून जोड धरावा व दुसऱ्याने चाकी फिरवावी. अति आवळल्यास वॉशर बाहेर सरकतो.

ठिबकच्या उपनळीस पाडावयाची भोके लहान असतात, परंतु ती पुष्कळ असतात. ग्रोमेटला लागणारा बिट ग्रोमेट बनविणारेच सांगतात, व तोच वापरावा. "जवळपासचा" बिट वापरला तर पहिल्या दाबासच ग्रोमेट उडतो. बिट पाइपाच्या समोरच्या भिंतीत जाऊन टेकू नये म्हणून त्यास आवश्यक तेवढे टोक सोडून चिकटपट्टी गुंडाळावी. पाइपात पडलेला कीस ठिबकच्या तोट्यांत जाऊन बसतो. सबब उपनळीचे शेवटचे टोक उघडून पाणी सोडावे, कीस वाहून गेल्यावरच बाजूच्या नळ्या जोडाव्या. पीव्हीसी पाइपावर मोठी फांदी घ्यावयाची असल्यास सॅडल बसवून होल सॉने भोक पाडावे. लाकडाचा चपटा बिट पीव्हीसीत घालू नये. त्याने पाइप तडकतो.

लाकूड व बांबू

लाकडात मोठे भोक पाडण्याची कला या भागातील सुतारांस नवी नाही. गिरमिटाने आरंभ करून पटाशीने भोक मोठे करण्याची त्यांची रीत आजही निर्दोष आहे, आणि एखाददुसरेच भोक असेल तर यंत्र शोधत बसण्यापेक्षा सुताराकडे जाणे अधिक लवकरचे. यंत्रावर काम करावयाचे झाल्यास दोन बिट उपयोगी पडतात. चपटा बिट हा पात्यासारखा असून त्याच्या मध्यावर टोक असते. तो स्वस्त असतो आणि ३८ मिलिमीटरपर्यंतची भोके झटपट पाडतो, पण भोक खरबरीत येते व खोल जाताना बिट वाट सोडतो. जुवासारख्या जाड लाकडात सरळ आणि आरपार भोक हवे असेल तेथे ऑगर घ्यावा. त्याच्या टोकास स्क्रू असतो, तो स्वतःच लाकडात खेचला जातो, आणि पीळ भुसा वर काढीत राहतो. चपट्या बिटास गती हवी. ऑगरास संथपणा हवा. ऑगर जोरात फिरविला तर तो लाकडात रुततो आणि यंत्र हातातून उसळते. ऐन किंवा खैर यांसारख्या कठीण लाकडात हे विशेष लक्षात ठेवावे. मधून मधून बिट बाहेर काढून भुसा झटकावा.

पलीकडील अंगास चिरफळ्या निघू नयेत यासाठी टोक बाहेर येताच थांबावे व उरलेले भोक दुसऱ्या बाजूने पाडावे, किंवा मागे एक टाकाऊ फळी घट्ट दाबून धरावी. जुन्या घराच्या वाशांत व तुळयांत खिळे दडलेले असतात. एका खिळ्याने नव्या बिटाची धार जाते. म्हणून लोहचुंबक फिरवून पाहणे बरे.

बांबूची गोष्ट वेगळी. त्याचे धागे एका दिशेने धावतात आणि चपटा बिट त्यांच्यात शिरताच पाचरीसारखा काम करून बांबू उभा चिरतो. म्हणूनच पूर्वापार तापलेल्या सळईने बांबूस भोक पाडण्याची रीत पडली असावी. टाकीच्या बाबतीत जी रीत त्याज्य ठरते तीच येथे शहाणपणाची ठरते. यंत्राने पाडावयाचे असल्यास बारीक दात्यांचा होल सॉ घ्यावा, जागा पेराजवळची निवडावी आणि दोन्ही बाजूंस सुतळीचे घट्ट वेढे द्यावे.

पत्रा व लोखंड

पातळ पत्र्यात पिळाचा मोठा बिट घालणे हा हात कापून घेण्याचा हमखास मार्ग होय. बिट पलीकडे निघताना पत्रा त्याच्या पिळात अडकतो व पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. भोकही गोल न येता तिकोनी येते. यासाठी पायऱ्यांचा बिट मिळतो. दुकानात त्यास स्टेप ड्रिल म्हणतात. तो शंकूसारखा असून प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थोडी रुंद असते, त्यामुळे एकाच बिटाने अनेक मापांची गोल भोके पडतात. मात्र पत्र्याची जाडी एका पायरीच्या उंचीहून कमी हवी. पत्रा फळीवर ठेवून दोन शिकंजांनी जखडावा, हाताने धरू नये. कापलेल्या कडेवरील जस्ताचा मुलामा गेलेला असतो, तेथे रंगाचा हात न विसरता द्यावा. एका पावसाळ्यात गंज धरतो. छपराच्या पन्हाळी पत्र्यास भोक नेहमी उंचवट्यावर घ्यावे, पन्हाळीत घेऊ नये.

खांबाच्या लोखंडी अँगलसारख्या जाड वस्तूस दोन धातूंच्या जोडाचा, म्हणजे बायमेटल, होल सॉ वापरतात. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट गती ही आहे. मऊ पोलादासाठी ३५ मिलिमीटरच्या होल सॉचे फेरे मिनिटास सुमारे २५० असावेत, ६४ मिलिमीटरच्या होल सॉचे तर सुमारे १३५ च. साधे हातयंत्र पूर्ण कळ दाबली असता मिनिटास अडीच-तीन हजार फेरे घेते. २,८०० फेऱ्यांस ३५ मिलिमीटरच्या वाटीचे दाते मिनिटाला तीनशे मीटरहून अधिक अंतर लोखंडावर घासत जातात, जेथे त्यांनी सत्तावीस-अठ्ठावीस मीटरच जावयास हवे. दाते क्षणात तापून निळे पडतात आणि मऊ होतात. निळा पडलेला होल सॉ पुन्हा लोखंडात चालत नाही. यावरून एक साधे गणित ध्यानी ठेवावे : वाटी दुप्पट रुंद, तर फेरे निम्मे.

प्रथम पंचाने मध्यखूण ठोकावी. मग ६ मिलिमीटरच्या साध्या बिटाने आरपार भोक पाडून त्यात होल सॉचा मधला बिट जाऊ द्यावा. कापताना तेलाचे थेंब सोडीत राहावे. बिडाच्या वस्तूस मात्र तेल नको. तारेसारखे कुरळे कीस निघाले तर बिट कापतो आहे असे समजावे, नुसती काळी पूड पडू लागली तर तो घासतो आहे. तेव्हा थांबून दाते पाहावे. स्टेनलेस पोलादास टंगस्टन कार्बाइडच्या दात्यांचा कटर लागतो, व ते काम वर्कशॉपवर सोपविणेच हितावह.

मनगटाची दुखापत याच कामात अधिक होते. दाते अडकून वाटी थांबली की फिरण्याची सर्व शक्ती यंत्राच्या अंगात उलटते. यंत्रास बाजूची मूठ लावलीच पाहिजे, दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले पाहिजेत आणि वाटी पलीकडे निघण्याच्या बेतात असता दाब कमी केला पाहिजे. शिडीवर उभे राहून लोखंडात होल सॉ चालवू नये. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे मात्र नकोत. बिट मोज्याचा धागा पकडतो व त्याबरोबर बोटही ओढले जाते. गळ्यातील टॉवेल, लुगड्याचा पदर, सैल बाही यांचेही तसेच.

भिंत

भिंतीत भोक पाडताना दोन परस्परविरुद्ध कृती लक्षात घ्याव्या लागतात. विटेत व सिमेंट काँक्रीटमध्ये लहान भोक ठोक्याने पडते. लाकडात, पत्र्यात, प्लॅस्टिकमध्ये आणि फरशीत ठोका चालत नाही. ठोक्याच्या बिटाच्या टोकास कार्बाइडची टिकली बसविलेली असते. वीट व जांभा मऊ असल्याने साध्या ठोक्याच्या यंत्रास दाद देतात. या तालुक्यांतील जुन्या घरांची जोती मात्र काळ्या दगडाची असतात, आणि तेथे ते यंत्र केवळ ओरडते. काळ्या दगडात मोठे भोक हवे असल्यास हिऱ्याच्या कणांचा पोकळ कटर, ज्यास कोअर कटर म्हणतात, तो पाणी सोडून व ठोका न देता चालवावा लागतो. हे यंत्र विकत घेण्याचे नव्हे, भाड्याने आणविण्याचे आहे. काँक्रीटच्या खांबास अगर तुळईस मोठे भोक कदापि पाडू नये. आतील सळई कापली गेल्यास घराचा आधारच कापला जातो.

विटेच्या भिंतीतून ११० मिलिमीटरचा सांडपाण्याचा पाइप काढावयाचा असल्यास खर्चिक कटरावाचूनही काम होते. पाइपाहून थोडे मोठे, १२० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे. त्याच्या रेषेवर १० मिलिमीटरच्या बिटाने पंधरा-पंधरा मिलिमीटरच्या अंतराने सुमारे पंचवीस भोकांची माळ पाडावी, आणि मधला भाग छिन्नीने काढावा. दोन्ही अंगांनी अर्धे अर्धे काम केल्यास गिलावा फुटत नाही. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. वाऱ्याबरोबर येणारा कोकणातील पाऊस सपाट भोकातून सरळ आत येतो. आरंभ करण्यापूर्वी भिंतीत विजेची तार नाही हे पाहून मुख्य खटका पाडावा आणि यंत्रास वीज दुसरीकडून घ्यावी.

दगड व काँक्रीट यांची बारीक धूळ फुप्फुसास घातक असते. तोंडावर ओला रुमाल बांधणे पुरेसे नाही. धुळीचा योग्य मुखवटा वापरावा व जागा ओली ठेवावी. छपराच्या जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार पुष्कळ वर्षांनी प्रकट होतो व बरा होत नाही. अशा पत्र्यास होल सॉ लावूच नये. धुराड्यासाठी वाट हवी असेल तर तो एक पत्रा काढून तेथे लोखंडी पत्रा बसवावा.

कारखान्यातील रिकामे पिंप

येथवर कोणत्या वस्तूस कोणता बिट, याचा विचार झाला. एका वस्तूच्या बाबतीत मात्र बिटाचा प्रश्न मागाहून येतो.

पाताळगंगेच्या काठचे रसायनी हे गाव नावापासूनच रसायनांच्या उद्योगाशी बांधलेले आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला. तथापि पाताळगंगा औद्योगिक वसाहत व खोपोलीपर्यंतचा कारखान्यांचा पट्टा चालू आहे. जेथे कारखाने तेथे रिकामी पिंपे, आणि जेथे रिकामी पिंपे तेथे ती स्वस्तात देणारा भंगारवालाही आलाच. दोनशे लिटरचे निळे प्लॅस्टिकचे किंवा लोखंडी पिंप शेतकऱ्यास मोहात पाडणारे असते. जीवामृताचे एक वेळचे मिश्रण त्यात बरोबर मावते, गुरांना पाणी ठेवता येते, खाली तोटी बसविली की घरचीही सोय होते. तोटीसाठी भोक पाडावयाचे एवढेच काम उरते.

हेच काम जिवावर बेतू शकते. ज्या पिंपात ज्वालाग्राही द्रव होता ते रिकामे झाल्यावर अधिक धोक्याचे होते. भरलेल्या पिंपात वाफेला जागा नसते. रिकाम्या पिंपाच्या तळाशी राहिलेल्या पेलाभर द्रवाची वाफ आतील हवेत मिसळून स्फोटक मिश्रण तयार करते. विजेच्या यंत्राच्या मोटारीत कार्बन ब्रशांच्या ठिकाणी ठिणग्या उडतच असतात, शिवाय लोखंडात घासणारे दाते तापतात. ग्राइंडर किंवा गॅसने कापणे तर याहूनही भयंकर. पिंपाचे झाकण उडून समोरच्या माणसाचा प्राण जातो. एकदोनदा पाण्याने विसळल्याने धोका टळतो हा समज खोटा आहे. पुष्कळ द्रव पाण्यात विरघळतच नाहीत आणि पिंपाच्या दुमडीत राहतात.

प्लॅस्टिकच्या पिंपास आग लागण्याचे भय कमी वाटले तरी दुसरे संकट असते. प्लॅस्टिक रसायन शोषून घेते आणि पुढे कित्येक दिवस पाण्यात सोडीत राहते. वास गेला म्हणजे विष गेले असे होत नाही. २०१६ च्या घातक कचराविषयक केंद्रीय नियमांप्रमाणे घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे हा घातक कचराच गणला जातो, व तो केवळ अधिकृत परवानाधारकाकडेच जावयास हवा. रस्त्याच्या कडेला विकावयास मांडलेल्या अशा पिंपाचा सौदा मुळातच नियमाबाहेरचा असतो.

सबब पिंप घेताना त्यावरील लेबल वाचावे. ज्योतीचे, कवटीचे किंवा झिजलेल्या हाताचे चित्र असल्यास ते घेऊ नये. लेबल खरवडून काढलेले असल्यास मुळीच घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो. फळांचा गर, खाद्यतेल, लोणची यांसारख्या खाद्यपदार्थांचे, मूळ लेबल शाबूत असलेले पिंप किंवा सरळ नवे पिंप घ्यावे. ज्यात काय होते हे कळत नाही, असे पिंप आधीच घरी येऊन पडले असल्यास त्यास भोक पाडू नये, कापू नये, तापवू नये व त्यात पाणी भरू नये. झाकण लावून मुलांपासून व चुलीपासून दूर ठेवावे आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास कळवावे. या बाबतीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संकोच धरू नये. शेतकऱ्याने पैसे मोजलेले असतात म्हणून त्यास सांगणे जड जाते, पण सांगितले पाहिजे.

कीटकनाशकांच्या डब्यांचे तर भोक पाडण्याचे प्रयोजनच उलटे आहे. रिकामा डबा तीन वेळा विसळावा, विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, आणि नंतर डब्यास खिळ्याने बुडाशी व बाजूंस भोके पाडावी, म्हणजे त्यात कोणी पाणी अगर रॉकेल भरू शकणार नाही.

गावासाठी संच

प्रत्येक शेतकऱ्याने ही सर्व अवजारे घेण्याचे कारण नाही. वर्षातून दोनतीन भोकांसाठी घेतलेला होल सॉ उरलेले महिने माळ्यावर गंजतो. शेतकरी गटाने किंवा अवजारे बँकेने एक पेटी ठेवावी. तीत २२, २९, ३५ व ५१ मिलिमीटरचे बायमेटल होल सॉ, त्यांचा दांडा व मधले जादा बिट, २५ मिलिमीटरचा एक चपटा बिट व त्याच मापाचा ऑगर, एक पायऱ्यांचा बिट, ६ मिलिमीटरचे साधे आणि १० मिलिमीटरचे कार्बाइड टिकलीचे बिट, पंच, छिन्नी, दोन शिकंजे व डोळ्यांचे दोन चष्मे असले की पुष्कळ गावांचे काम भागते. यंत्र मात्र १३ मिलिमीटर चकाचे, फेरे कमीजास्त करता येणारे व बाजूच्या मुठीसह असावे. १० मिलिमीटरच्या लहान यंत्रावर ५१ मिलिमीटरचा होल सॉ लोखंडात चालविल्यास यंत्र जळते. ओल्या जागी काम करावे लागत असल्याने पेटीबरोबर गळतीचा प्रवाह तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा खटका असलेली जोडतार ठेवणे अगत्याचे आहे.

पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस जोडांची नावे व त्यांच्या आट्यांची बाहेरील मापे रंगाने लिहून ठेवावी. पेटी नेताना व परत करताना होल सॉचे दाते मोजून पाहण्याची पद्धत घालावी. एक दाता तुटला तरी वाटी हिसके देऊ लागते. वाटीत अडकलेली चकती हातोडीने ठोकून न काढता बाजूच्या खाचेतून स्क्रू-ड्रायव्हर घालून ढकलावी. मृग नक्षत्रापूर्वी सर्व बिट पुसून, तेलाचा हात देऊन कोरड्या कापडात गुंडाळावे. कोकणच्या हवेत न पुसलेला बिट श्रावणापर्यंत तांबडा होतो.